चादरीवरचा डाग

प्रिय दादा,

प्रिय हे सवयीने लिहून गेलं, त्याने हुरळून जाऊ नकोस. तळपायाची आग मस्तकात गेली आहे. फोनवरच तुझी हजेरी घेतली असती, पण आपल्या दोन खोल्यांत या टोकाचं बोलणं त्या टोकाला ऐकू जातं आणि हे बाबांच्या कानावर जायला नको आहे. म्हणून कागद. आता निवांत बसून वाच, मध्येच कोणाचा तरी कॉल आलाय असं म्हणून सुटायची सोय यात नाही.

आधी तब्येतीचं सांगते. बाबा बरे आहेत. आवाज बसलाय, खोकला आहे, आणि जिना चढताना अर्ध्यावर थांबून कठड्याकडे असे बघत राहतात की जणू त्याला कुठला रंग द्यावा याचा विचार चाललाय. दम लागलाय हे मरेपर्यंत कबूल करणार नाहीत. तुला फोनवर सर्दी झाल्याचं सांगितलं ना? सर्दी नव्हती ती. न्हाणीघरात विषारी वाफ छातीत गेली आणि त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. आणि ती वाफ तुझ्या सल्ल्याने तयार झाली, दादा.

सुट्टीत येतोय म्हणालास, त्या दिवसापासून घरात लगीनघाई. आईने तुझ्या पलंगासाठी पांढरी चादर शिवली होती, कडेला पांढऱ्याच दोऱ्याचा टाका घातलेली, आठवते? बाबांनी ती पेटीतून काढली तर पेटीच्या कडीचा गंज लागून मधोमध तांबूस डाग. जन्मभर हॉटेलात पांढरा कोट घालून टेबलं सांभाळलेला माणूस तो. बाहीवर रश्शाचा थेंब दिसला तरी त्यांना जेवण जायचं नाही. मी कामावर होते. त्यांनी कपाटातलं ब्लीच काढलं आणि तसंच्या तसं, पाणी न घालता, डागावर ओतलं. गंज ब्लीचने जात नाही, उलट पक्का बसतो. डाग आणखी गडद झाला.

आता इथे मला विचारायला काय हरकत होती? साबण मी आणते, कपडे मी वाळत घालते, आई गेल्यापासून हे घर मी चालवते. पण माझं बोलणं म्हणजे पंख्याची घरघर, चालू असते, कोण ऐकतो! लांब राहणाऱ्या चिरंजीवांचा शब्द मात्र झेलायला घर तयार. लावला तुला फोन. तू म्हणालास, व्हिनेगर घाला बाबा, दुप्पट जोर येतो, थांबा व्हिडिओच पाठवतो. तो व्हिडिओ मी नंतर शेवटपर्यंत पाहिला. तू पाहिला होतास का? एक बाई हसत हसत एकाच बादलीत दोन्ही ओततेय, मागे गाणं वाजतंय. डोक्यात तिडीक गेली माझ्या.

आणि बाबांची सवय तुला माहीत नाही असं म्हणू नकोस. गिऱ्हाइकाने सांगितलेलं परत म्हणून दाखवायचं, त्याने हो म्हटलं की त्यात काडीचा बदल करायचा नाही. कोणी सूपमध्ये साखर मागितली तर साखर. त्यांनी तुलाही म्हणून दाखवलं, बादलीत ब्लीच, वर वाटीभर व्हिनेगर, गरम पाणी, बरोबर? आणि तू म्हणालास, हो हो, बरोबर. कशाला हो म्हणतोय हे तरी ऐकलंस का रे? दवाखान्याच्या खाटेवरून ते मला अभिमानाने सांगत होते की मी विचारून घेतलं होतं.

थंडी होती म्हणून न्हाणीघराची खिडकी बंद, दारही लोटलेलं. खालच्या शिंपीकाकांनी बादली पडल्याचा आवाज ऐकला, धावत वर आले आणि नाकाला टॉवेल लावून बाबांना बाहेर ओढलं. काका मशीनवर बसलेले नसते तर आज मी वेगळंच पत्र लिहीत असते.

बाटलीच्या मागे ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते आता माझ्या तोंडून ऐक. बादलीत ब्लीच आणि थंड पाणी, बस्स. व्हिनेगर नाही, लिंबू नाही, संडास धुवायचं अ‍ॅसिड नाही, अमोनियावालं काही नाही. हातात मोजे, खिडकी सताड उघडी, आणि कपडा पांढरा सुतीच. लोकर किंवा रेशीम घातलंस तर चिंध्या हातात येतील. व्हिनेगर वाईट नाही रे, ब्लीचही वाईट नाही, दोघांना एका बादलीत घालणारा वाईट.

घरी आल्यावर बाबांनी पुन्हा ती चादर मागितली. मी ओरडले, मग रडले, मग कामाला लागले. चादर आधी वाहत्या पाण्यात खळखळून धुतली, ब्लीचचा वास पार जाईपर्यंत. मग गंजावर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात. पुन्हा स्वच्छ धुतली, आणि दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात डाग काढायची ऑक्सिजनवाली पावडर विरघळवून त्यात भिजवली. बाबा उघड्या खिडकीपाशी खुर्चीत बसून माझी प्रत्येक सूचना बसक्या आवाजात परत म्हणून दाखवत होते. आधी धुवायचं, मग लिंबू, बरोबर? आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझं ऐकलं, आणि त्यासाठी त्यांना मरता मरता वाचावं लागलं. डाग गेला. नुसतं ब्लीच ओतलं होतं तिथे कापड विरलं, ते शिंपीकाकांनी रफू करून दिलं.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, माझंच डोकं चाललं नाही. तुझं नावही घेतलं नाही. आणि मला बजावलं की दादाला यातलं काही सांगायचं नाही, मनाला लावून घेईल आणि मग फोन करायचाही बंद होईल. हे ऐकून गप्प बसलेही असते मी. पण काल तुझा निरोप आला, यंदा यायला जमत नाही, बाबांना तूच नीट समजावून सांग. नीट! दादा, ती चादर तुझ्या पलंगावर अंथरलेली आहे. तिच्यावर कोणाला बसू देत नाहीत, मलाही नाही. रोज सकाळी हाताने सुरकुत्या काढतात आणि आज कोणता वार ते विचारतात. तुझा निरोप मी सांगितलेला नाही आणि सांगणार नाही. यायला जमत नसेल तर इथे ये, त्या चादरीवर बस, आणि त्यांना ते तूच सांग.

तुझीच,
भांडकुदळ