अडकलेले बटण

बोईसर,
५ फेब्रुवारी १९८४

ती. सौ. मंजुळाताईंस,
सुगंधाचा सा. न. वि. वि.

तुम्ही गेल्यापासून घर शांत आहे. काल नवापूरची हिरा मासे घेऊन आली. तिला काही माहीत नव्हते. दादाचा बाजा हल्ली आयकू येत नाय, म्हणाली. हे गेल्याचे मी सांगितले. ती थोडा वेळ पायरीवर बसून गेली.

यांच्या कारखान्यातले प्रताप येऊन गेले. मार्चमध्ये कॉलनीच्या हॉलमध्ये यांच्या आठवणीचा कार्यक्रम आहे. यांचा माउथ ऑर्गन ते वाजवतील, मी गावे असे म्हणाले. डबीतून काढला तर त्याचे बाजूचे बटण आत गेलेले, बाहेर येईना. सुतक फिटल्यावर सगळे धुतले, तेव्हा भांडी घासायची राख अडकली असावी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

आपली,
सुगंधा

पालघर,
९ फेब्रुवारी १९८४

चि. सुगंधास,
अनेक आशीर्वाद. पत्र पोचले.

असावी कसली, मीच घासला. गेलेल्या माणसाच्या तोंडाला लागलेली वस्तू, तशी कशी ठेवायची, म्हणून भांड्यांबरोबर घेतला. दामू असता तर ताईने माझा बाजा कल्हईला काढला म्हणून गावभर सांगत सुटला असता. दोन दिवस जेवण गेले नाही. प्रतापांना म्हणावे, काहीही करून उघडा आणि दुरुस्त करा. त्या बटणाचे काम तरी काय असते?

आणि तू गाणार की नाही, ते लिहिलेच नाहीस. लग्नाच्या वर्षी मी म्हटले होते, सगळ्यांसारखी पेटीच्या पांढरी एकमध्ये गा, अर्ध्या सुराने काय बिघडते. तू काळी एक सोडली नाहीस. आता गप्प बसू नकोस.

मुरबे गावचे सुके बोंबील आणून ठेवलेत.

तुझी,
मंजुळाताई

बोईसर,
२० फेब्रुवारी १९८४

ती. सौ. मंजुळाताईंस,
सा. न. वि. वि.

प्रतापांनी बाजा पाहिला. एकेका भोकामागे चार पितळी रीड असतात. दोन फुंकताना वाजतात, दोन श्वास ओढताना. बटण दाबले की आतली पट्टी सरकते, एक रीड बंद होऊन शेजारची उघडते आणि सूर अर्ध्याने चढतो. पेटीच्या काळ्या पट्ट्यांचे काम ते एकटे बटण करते. आतले लाकूड फुगले आहे. उघडले तर दुरुस्त होईल किंवा रीड तुटतील, असे ते म्हणाले.

मग त्यांनी फुंकून पाहिले. सातही शुद्ध सूर नीट आले, फक्त पांढरी एकऐवजी काळी एकपासून. मी गायचे तेव्हा हे ते बटण पूर्ण गाणेभर दाबून धरत. नंतर चहाच्या कपाने बोट शेकत आणि ताईचे ऐकले असते तर बरे झाले असते, असे मला सुनावत.

मी प्रतापांना उघडू नका म्हटले. कोमल सूर आता निघणार नाहीत, म्हणून सासूबाईंची जात्यावरची ओवी घेतली आहे. तिला शुद्ध सूरच लागतात. काल बसून पाहिले. पहिल्या कडव्याला आवाज लागला नाही, दुसऱ्याला लागला. मी गाणार आहे.

कार्यक्रम ११ मार्चला, रविवारी. आदल्या दिवशीच या, बोंबील घेऊन. घरात काय हवे ते धुवा, बाजा मी कपाटात वर ठेवला आहे.

लोभ आहे, तो असाच राहू द्या.

आपली,
सुगंधा