हात सोडला की खिटी पडायला हवी

आण्णा, आज ऑफिसात जुन्या फायली काढून टाकायच्या होत्या. माझ्या कपाटातून निघालेल्या पहिल्याच ड्रॉइंगवर तुमच्या बोटाचा डाग सापडला. ऑइलचा नाही, शेंगदाण्याच्या चटणीचा. मी ते रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवलं, पुन्हा उचललं, आणि आता घरी येऊन तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "एवढं लिवत बसण्यापरास तोंडानं बोलायचं की." तोंडानं बोलायची वेळ होती तेव्हा मी बोलले नाही, म्हणून तर हे लिहिणं आलं.

शिवाजी पेठेतलं आपलं गॅरेज म्हणजे दोन टेम्पो आत आले की तिसरा रस्त्यावर. गाडी कुठलीही असो, जमीन कितीही सपाट असो, चाकामागे दगड ठेवल्याशिवाय तुम्ही हातात पाना धरत नव्हता. मी डिप्लोमाला होते तेव्हाची गोष्ट. सुट्टीत हौसेनं एका जीपखाली शिरले आणि दगड लावायला विसरले. तुम्ही पाय धरून मला बाहेर ओढलं, चार गिऱ्हाइकांसमोर. "आधी चाक धर, मग काय सोडायचं ते सोड! गाडी तुला वळकती व्हय गं?" तुमचा आवाज पलीकडच्या तालमीत ऐकू गेला असेल. मला भीती वाटायला हवी होती, पण मला वाटली लाज. पुढं मला नोकरी लागली तेव्हा तुम्ही तोच काळा, एका बाजूनं गुळगुळीत झालेला दगड वर्तमानपत्रात गुंडाळून दिलात. लोक मुलीला घड्याळ देतात. मी हसले आणि दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तो दाराशी ठेवून दिला.

ऑटोमॅटिक गाडीचं पार्किंग लॉक डिझाइन करायला माझ्याकडे आलं ते दोन हजार सालानंतर. परदेशातल्या गिऱ्हाइकाचं काम, त्यामुळे मी जरा हवेतच होते. एका रविवारी स्वयंपाकघरात तुम्ही भाकरी खात होता आणि मी ताटाशेजारी ड्रॉइंग पसरून समजावत होते. गाडी उभी केली की गिअरबॉक्समधल्या दातेरी चाकात एक लोखंडी खिटी पडते आणि गाडी जागची हलत नाही. ती खिटी विजेवर सुटते. बॅटरी उतरली तर अडकून बसते, म्हणून हातानं ओढायची एक दांडी मी दिली होती. तुम्ही चटणीचं बोट नेमकं त्या दांडीवर ठेवलंत.

"हात सोडला की खिटी परत पडती का?"

"नाही. दांडी खटक्यात अडकून राहते. टोचन लावून ओढत न्यायची असेल तर गाडी मोकळी नको का?"

"मग गाडी धरणार कोण?"

"हँडब्रेक, आण्णा. आधी तो ओढायचा, असं सूचनांच्या कागदावर लिहिलंय."

"घाईतला माणूस कागद वाचत न्हाय, पोरी. हात सोडला की खिटी पडाय पायजे. टोचनासाठी येगळा आकडा लाव, मुद्दाम अडकवल्याबिगर अडकायचा न्हाय असा."

मी ड्रॉइंग गुंडाळलं आणि म्हणाले, "तुमचा जमाना दगडाचा होता, आण्णा." आई चुलीपाशी होती, ती वळून माझ्याकडे बघत राहिली. तुम्ही भाकरी खाल्लीत, हात धुतलात आणि गॅरेजला गेलात.

दोन महिन्यांनी कंपनीच्या आवारातल्या उतारावर चाचणी होती. गडमुडशिंगीहून येणारा एक फिटर, हाताचा सफाईदार माणूस. त्यानं बॅटरी काढली, हँडब्रेक न लावताच दांडी ओढून सोडली, आणि बॉनेट बंद करायला पुढे आला. कारखान्यातली प्रत्येक दांडी हात सोडला की आपली आपण मागे येते. ही येत नव्हती. गाडी सावकाश निघाली, आणि बंपर आणि भिंत यांच्यामध्ये त्याचा पाय सापडला. गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला.

रिपोर्ट मी लिहिला. कारणाच्या रकान्यात लिहिलं, कामगारानं सूचना पाळल्या नाहीत. खोटं एक अक्षर नव्हतं आणि खरंही काही नव्हतं. खाली माझी सही आहे. त्या दिवशी जेवताना तुम्ही सगळं विचारून घेतलंत आणि शेवटी म्हणालात, "कागद कुठल्या भाषेत हुता?"

कागद इंग्रजीत होता, आण्णा. मी म्हणाले, "मला जरा जेवू द्या."

सहा महिन्यांनी मी ती दांडी बदलली. हात सोडला की स्प्रिंगनं खिटी पडते, टोचनासाठी वेगळा आकडा आहे. अगदी तुम्ही सांगितलेलं. तुम्हाला दाखवलं नाही, कारण दाखवलं असतं तर त्या रिपोर्टचं काय केलंस, हे तुम्ही विचारलं असतं. मग वेळ मिळेल तेव्हा सांगू, असं म्हणत राहिले. तुम्ही त्याच हिवाळ्यात गेलात, गॅरेजच्या बाकड्यावर बसल्या बसल्या, कुणाला काही त्रास न देता.

तुमच्या दिवसकार्याला घर भरलं होतं. एक माणूस लंगडत आला आणि दाराशी, त्या काळ्या दगडाजवळ, चप्पल काढायला वाकला. मी लगेच ओळखलं. त्यानं मला नीट ओळखलं नाही, मी ऑफिसात वर बसणारी. मी स्वतः चहा नेऊन दिला.

"आण्णा दर आयतवारी स्कूटरवरनं यायचं बगा," तो म्हणाला. "केळी आणायचं. माझा पाय मांडीवर घिऊन बसायचं. तुमीच त्यांची थोरली व्हय?"

मी मान हलवली. तुम्ही दर रविवारी भजनाला जाता असं आम्ही घरात समजत होतो.

"कामावर परत घेतलं न्हाय मला. चूक माझीच हुती म्हणं, कागदावर तसं लिवलंय. आण्णा म्हणायचं, तुझी न्हवं रं, आमच्या पोरीची हाय, आणि ती सवता यिऊन तुला सांगणार हाय. कामात हाय, पन येणार बग." त्यानं बशीत चहा ओतला. "मी घरात सांगून ठेवलंतं ताई, पाव्हणी येणार हाय म्हणून. लई दिवस वाट बघितली की."

तुम्ही मला एकदाही जा म्हणाला नाहीत. ओरडला असतात तर मी गेले असते, किंवा भांडले तरी असते. तुम्ही नुसतं माझ्या नावानं शब्द देऊन ठेवलात आणि मी आपणहून निघेन म्हणून वाट बघितलीत, त्याच्यासारखीच.

तो माणूस माझ्यासमोर हातभर अंतरावर बसला होता, आण्णा. मी त्याला विचारलं, चहात साखर बरोबर आहे ना.