शबनमने न उलटलेलं पान

शुक्रवार, संध्याकाळ

शबनमचे वडील जुम्म्याची नमाज आटोपून थेट माझ्या वर्गात आले. बिहारहून इथल्या टॉवेल कारखान्यात आलेला माणूस. म्हणाले, पोरीचं वाचन ऐकवा. तिने चिमणीचा धडा घडाघडा म्हटला. पण धडा दोन पानी, आणि तिने पान उलटलंच नाही! मदरशात कुराणातल्या आयती पाठ करते, तसाच माझ्या तोंडून ऐकून पाठ केलाय. अक्षर एक ओळखत नाही. मला वर्षभर कसं कळलं नाही?

वडिलांचे डोळे भरले. “कुरान भी पढ़ती है, मराठी भी. मैं तो अनपढ़ हूँ, बाई.”

सांगितलं असतं तर? पोरीची शाळाच बंद करतील. मी नुसती मान डोलावली.

ते गेल्यावर ते पान मीच उलटलं. शबनम म्हणाली, “बाई, पुढचा धडा म्हणा ना. उद्या पाठ करून येते.”

आणि मी म्हटला.