पाळेगाराची फाशी

५ एप्रिल, शनिवार. बॉथेल.
आजपर्यंत स्वतःच्या हातानं झालेलं: घोड्यावरचा पाळेगार (दोन्ही हात कोपरातून हलतात), त्याची बायको, कंपनी सरकारचा कलेक्टर, तीन शिपाई, गढीचा बुरूज, पडद्याची चौकट. कातडं बकऱ्याचं, ढोल दुरुस्त करणाऱ्याकडून मागवलेलं. घासून इतकं पातळ केलंय की पलीकडचा बल्ब दिसतो. क्लास नाही, गुरू नाही. छिन्न्या चार मोडल्या. कॉमर्सवाला माणूस, कोडिंगही असंच शिकलो.

गोष्ट सासूबाईंची. त्यांच्या धारवाडकडच्या गावात कातडी बाहुल्यांवाले यायचे, पाळेगाराचा खेळ करायचे. इंग्रजांना सारा देत नाही म्हणाला आणि गढीचं दार लावून बसला, तो छोटा सरदार. ३ मेला इथल्या मराठी मंडळात आपला प्रयोग. बाहुल्या मी, गाणार सा.बा. ८ ला त्यांचं परतीचं विमान.

८ एप्रिल
सा.बां.नी पाळेगार उजेडासमोर धरला. "घोड्यावर कशाला बसवलात ओ जावईबापू? घोडा परवडत असता तर सारा भरला नसता होय?" सुजाता आईच्या बाजूनं हसत सुटली. घोड्यावर दोन वीकेंड गेलेले. उतरवला. पायी जास्त शोभतो, खरं तर.

१२ एप्रिल
पाळेगार आणि कलेक्टर एका खोक्यात ठेवले होते. सकाळी सा.बा. गराजमध्ये, चिमटीत कलेक्टर, मेलेला उंदीर धरावा तसा. "दोघांना एका पेटीत निजवलात? रात्रभर भांडले असतील की." बाहुल्यांवाले दोघांची गाठोडी वेगळी ठेवायचे म्हणे. म्हटलं, आई, कातडं आहे ते. "मग तुमचा पाळेगार वाकडा कसा झाला?"
झाला होता. गराजमधला हीटर, दुसरं काय. तरी कलेक्टरचा मुक्काम आता वॉशिंग मशीनवर.

२० एप्रिल
फाशीचं चिंचेचं झाड पूर्ण. फांदीला फास, खाली रिव्हेटचा सांधा. दोरा ओढला की पाळेगार वर जातो आणि मान कलते. अशी सफाई इथे दुसऱ्या कुणाला जमणार नाही, लिहून ठेवतो.
सा.बां.नी नीट बघितलंही नाही. "आमच्या गावात त्याला फाशी देत नाहीत."
"आई, दिली होती. कंपनीच्या कागदांत आहे."
"कागदात देऊ देत की. खेळात नाही देत. झाड आणलंत तर मी गाणार नाही."
जेवताना पोळीवर तूप मात्र नेहमीएवढं.

२७ एप्रिल
तालीम. झाडाशी आलो की गाणं बंद. सुजाता म्हणाली, "अरे, आई आठ तारखेला जाणार. तुझं झाड कुठे जाणारे?" पण मग खोटं दाखवायचं? पागोट्याची घडी, शिपायांची बटणं, सगळं तपासून केलं, आणि शेवटच तेवढा... बघू.

३ मे
प्रयोग. शाळेचं कॅफेटेरिया भरलेलं. झाड मांडीशी तयार. शेवटचं पद आलं. पाळेगार बुरुजावर एकटा, खाली शिपाई. वाटलं, आता गप्प होतील. झाल्या नाहीत. ध्रुवपद परत. परत. आवाज फाटला तरी परत. माझ्याकडे बघतच नव्हत्या, त्याच्याकडे बघत होत्या. माझा एक हात त्याला नाचवतोय, दुसरा झाडावर. उचललं नाही. दिवा बंद केला.
पुढच्या रांगेतली एक चिमुरडी: "सो, डिड दे कॅच हिम?"
सा.बां.ना बरोबर कळलं. पडद्याआडून, धापा टाकत: "अजून तरी नाही."

११ मे
सा.बां.चा फोन. पोचल्या, झोप झाली. "पाळेगार काय करतोय?" गढीतच आहे, म्हटलं. "हं. जेवलात?"
फाशी झाली होती, याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही. खेळाचं काय, ते ठरत नाही.
दुपारी सनीव्हेलच्या एका नाटकवेड्या डॉक्टरांचा फोन. सुजातानं कुणाला तरी धाडलेला झाडाचा व्हिडिओ फिरत त्यांच्यापर्यंत गेलेला. त्यांच्या मंडळाच्या समारंभात खेळ हवा, पण फाशीसकटच. "त्याशिवाय शेवट कसा होणार?" तीन आठवड्यांपूर्वी हेच वाक्य माझं होतं. विमानाचं तिकीट वेगळं, वर पंचवीसशे डॉलर. नाही म्हणालो.