कपाटात लपवलेला रिपोर्ट

दादा,

कुत्रीला घेऊन डॉक्टरांकडे चाललेय. तिचं ऑपरेशन करूनच आणणार, म्हणजे तुला पुन्हा पिल्लं विकता येणार नाहीत.

शिवणवाल्या काकूंना आपण दिलेलं पिल्लू काल गेलं. दुधाचा एक दात पडला आणि दोन दिवस रक्त थांबेना. काकू मलाच विचारत होत्या, "आमच्या हातून काही चुकलं का गं?" आज कुत्रीची जुनी कागदपत्रं शोधताना तुझ्या कपाटात मागच्या वर्षीचा रिपोर्ट सापडला. रक्त न गोठण्याचा आजार आहे, आईकडून नर पिल्लांत उतरतो, हिला पिल्लं होऊ देऊ नका. स्वच्छ लिहिलंय! खाली तुझी सही आहे. लाज कशी वाटली नाही रे?

बाकीच्या तीन घरी मी फोन करून सगळं सांगितलंय.

आपल्याकडे उरलेलं पिल्लू पलंगाखाली आहे. तेही नर आहे. त्याला हाड चघळायला देऊ नकोस, जिन्यावर सोडू नकोस. हिरडीतून रक्त आलं तर बर्फ लाव आणि ताबडतोब दवाखान्यात घेऊन ये.

काकूंना मात्र मी काही सांगितलेलं नाही. तिथे तू स्वतः जायचंस, आजच. त्या अजून स्वतःलाच दोष देत बसल्यात.

– धाकटी