जोड दिसू दे

हॅनोव्हर, रविवार, १४ मे १९६१

घरमालकीणबाईंनी युद्धात पिठाच्या पोत्यांचा दोरा उसवून लेस विणली होती. दोरा संपला, ती अर्धीच राहिली आणि पिवळी पडली. त्यांच्या मुलीच्या लग्नासाठी ती मी नव्या पांढऱ्या दोऱ्याने पुरी केली. लाकडी रिळांवरचा दोरा एकमेकांत पिळत विणायचं हे काम मी नुसतं बघून शिकलो. एक पीळ चुकलेला नाही.

आज बाई चहाची किटली घेऊन हजर! "तुमचा पांढरा भाग या चहात बुडवा, म्हणजे जोड दिसणार नाही."

का दिसू नये? लाज कसली? तेव्हा दोराच नव्हता!

"लोक हसतील हो."

"हसू देत," मी म्हटलं.

मुलीने लेस डोक्यावर घेतली. जोड नेमका कपाळावर. आरशात बघून म्हणाली, "असाच राहू दे, आई."

किटलीतला चहा मी पिऊन टाकला. साखरसुद्धा नव्हती.