चाकूरच्या बांधावरची निवळी

हे मृत्युपत्र लिहायचं मी पोळ्यापासून टाळत आलो. उद्या नांदेडच्या दवाखान्यात माझी पाठ उघडणार आहेत, म्हणून आज मुदखेडला अमीरबींच्या ओसरीवर लिहायला बसलो. मी, पंचाक्षरी चन्नबसप्पा, वय सव्वीस, मूळचा चाकूरचा, धंदा गावोगाव जडीबुटी विकणे. कमरेखाली सुन्न आहे, डोकं शाबूत आहे. जबरदस्ती कुणाची नाही.

एक. चाकूरच्या बांधावरचं निवळीचं झाड माझ्या वाटणीचं. वाटणीचा कागद उस्मानाबादेत, जिल्हा आता लातूर. कागद मधेच कुठं राहिला म्हणतात. तरी झाड माझंच. ते मी अमीरबींना देतो, जडीबुटी त्यांनीच शिकवली. थोरला भाऊ मलप्पा ते तोडून विकणार आणि कडबा आणणार आहे. त्याचे बैल उपाशी आहेत, मला ठाऊक आहे. तरी तोडू नये. टँकरचं पाणी चहासारखं येऊन राहिलंय. माठाला आतून निवळीची बी घासली की गाळ खाली बसतो. अख्खी गल्ली त्यावर पाणी पिते.

दोन. झोळीतला कुचला कुणालाच नाही, खोल खड्ड्यात पुरून टाकावा. पायात जीव यावा म्हणून मी तो खात होतो. दुधात उकळून त्याचं विष उतरवतात. औंदाच्या दुष्काळात दूध कुठलं, मी सुकडी वाटतात त्या केंद्रावरची दूधपावडर कालवली. जबडाच धरला. पाय होते तसेच. भोकरचे जंगलखात्याचे साहेब म्हणाले होते, निवळी आणि कुचला एकाच कुळातली झाडं, पण स्ट्रिक्नीन हे जहर कुचल्यातच. अमीरबी म्हणतात, "सगे बहनां हैं बेटा. एक के हात का पानी पी, दूसरी से दूर बैठ."

तीन. सायकल स्टेशनवरच्या चहावाल्या ग्यानोबाला. (खोडलं. अर्जनवीस म्हणाला, ज्याला काही मिळतं त्यानं साक्ष दिली की पुढं भांडण लागतं. ग्यानोबा म्हणाला, "मग सायकल नको, लई खडखडती. सही करतो.") सायकल आता ज्याला चालवता येईल त्याला.

चार. मलप्पाला काही नाही. आईला माती दिली त्या दिवशी त्यानं चारचौघांत मला जहरवाला म्हटलं. तेव्हा रडू आलं नाही, आताही येत नाही.

मुदखेड, १९ एप्रिल १९८३
सही: पंचाक्षरी

साक्षीदार
१. ग्यानोबा (सही)
२.

दुसरा साक्षीदार मिळेना, सगळे टँकरवर गेलेत. दुसऱ्या सहीशिवाय हा कागद रद्दी, आणि झाड मलप्पाचं. एवढ्यात ग्यानोबा सांगत आला, चाकूरहून मलप्पा आलाय, दारात चपला काढून राहिलाय. ग्यानोबा सोडला तर या कागदात काहीच न मिळणारा इथं तेवढा तोच एक, दुसरी सही त्याचीच चालेल. आत बोलवा म्हटलं.